एकास अठ्ठेचाळीस: एफ-१६ चे मॉडेल घडताना

पडद्यावर दिसणारे हे लढाऊ विमान एफ-१६ आहे आणि ते अजून सुटे आहे. पंख, शेपटी, चाके, क्षेपणास्त्रे असे त्याचे सगळे भाग राखाडी पॉलिस्टायरीनच्या चौकटींना जोडलेले आहेत, आणि पारदर्शक कॅनोपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचे झाकण, वेगळ्या पिशवीत आहे. मॉडेलचे प्रमाण एकास अठ्ठेचाळीस, म्हणजे सुमारे १५ मीटर लांबीचे विमान येथे ३१ सेंटिमीटरांत उभे करायचे आहे. प्लॅस्टिकचे भाग या प्रमाणात कारखान्यातूनच लहान होऊन येतात, परंतु रंगाचा थर, खोलीतला उजेड आणि पाहणाऱ्याचा डोळा यांना हे प्रमाण लागू होत नाही. मॉडेल करणाऱ्याचे खरे कसब याच तफावतीशी झगडण्यात लागते.

एफ-१६ चे पहिले अधिकृत उड्डाण फेब्रुवारी १९७४ मध्ये झाले आणि पुढील काळात या जातीची ४,५०० हून अधिक विमाने बांधली गेली. एवढ्या कालावधीत त्याची रूपे बदलत गेल्यामुळे कटर हातात घेण्याआधी आपण नेमके कोणते विमान करणार, हे ठरवावे लागते. ब्लॉक, म्हणजे उत्पादनाच्या मालिका, यांपैकी ३०, ४० आणि ५० यांना जनरल इलेक्ट्रिकचे एफ-११० इंजिन आहे, तर ३२, ४२ आणि ५२ या मालिकांना प्रॅट अँड व्हिटनीचे एफ-१००. एफ-११० ला हवा जास्त लागते, म्हणून सुरुवातीची काही ब्लॉक ३० विमाने सोडली तर त्या इंजिनाच्या विमानांचे पोटाखालचे इनटेक, म्हणजे इंजिनात हवा घेणारे तोंड, अधिक रुंद आहे. मागच्या नोझलची, म्हणजे इंजिनाचा झोत बाहेर सोडणाऱ्या तोंडाची, ठेवणही दोन्ही इंजिनांत वेगळी असते. अनेक किटमध्ये दोन्ही प्रकारचे भाग एकाच खोक्यात येतात आणि रुंद इनटेकला भलतेच नोझल जोडले, की जाणकाराची नजर आधी तिथेच जाते. सर्वात सुरक्षित मार्ग म्हणजे शेपटीवरच्या क्रमांकासह एकच विमान निवडणे आणि त्याच विमानाची, शक्यतो एकाच वर्षातली, छायाचित्रे समोर ठेवणे.

बांधणीची सुरुवात कॉकपिटपासून होते. वैमानिकाचे आसन ३० अंशांनी मागे कललेले आहे आणि नियंत्रणाची दांडी दोन पायांच्या मधे नसून उजव्या बाजूला आहे. कॅनोपी बंद ठेवणार असाल, तर यातले फारसे काही दिसणार नाही, त्यामुळे येथे आठवडे घालवणे हा केवळ हौसेचा भाग आहे.

पॉलिस्टायरीन जोडण्यासाठी वापरले जाणारे पातळ द्रावण प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवते आणि दोन भाग एकजीव करते. भाग एकमेकांना लावून फटीच्या एका टोकाला ब्रश टेकवला, की द्रावण आपोआप फटीतून पुढे धावते. मग हलका दाब दिल्यावर वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक कडा वर येते. ती पूर्ण वाळल्यानंतर पाण्यात भिजवलेल्या सँडपेपरने घासली, की सांधा दिसेनासा होतो. पारदर्शक भागांना मात्र सायनोअॅक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा गोंद, लावू नये, कारण त्याच्या वाफेने प्लॅस्टिकवर पांढरी धुरकट छटा चढते. तेथे पाण्यात विरघळणारा पांढरा गोंद पुरतो.

एफ-१६ च्या बांधणीत सर्वाधिक छळणारी जागा म्हणजे इनटेकची लांब नळी. ती बहुधा दोन अर्ध्या भागांत येते, तिचा सांधा नेमका आतल्या बाजूला पडतो आणि समोरून पाहणाऱ्याला तो सरळ दिसतो, तरी तिथे बोट काही पोहोचत नाही. यावर जुना आणि खात्रीचा उपाय असा, की नळीचे एक तोंड बंद करून आत पांढरा रंग ओतायचा, नळी फिरवत राहायची आणि उरलेला रंग निथळू द्यायचा. दोन-तीन वेळा असे केले, की फट भरून जाते.

प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराचा, करडा हात दिल्यावर आतापर्यंत लपलेले सगळे ओरखडे आणि फटी उघड्या पडतात. त्या पुट्टीने भरून घासताना पृष्ठभागावरच्या बारीक पॅनेल रेषाही, म्हणजे विमानाच्या पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या खाचा, पुसल्या जातात आणि टोकदार सुईने त्या पुन्हा कोराव्या लागतात. येथे थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. मॉडेलवरची ०.२ मिलिमीटर रुंदीची रेषा खऱ्या विमानावर जवळपास एक सेंटिमीटरची फट होईल, आणि लढाऊ विमानाच्या अंगावर अशा फटी नसतात. तरीही रेषा पूर्ण बुजवल्या तर मॉडेल निर्जीव दिसते. त्या असाव्यात, पण गडद काळ्या रंगाने भरू नयेत, असे या निवेदकाचे मत आहे.

आता रंग. अमेरिकी लष्करी रंग फेडरल स्टँडर्ड ५९५ या सूचीतील पाच आकडी क्रमांकांनी ओळखले जातात. पहिला आकडा ३ असेल तर रंग मॅट, दुसरा ६ असेल तर तो करड्यांच्या गटातला, आणि शेवटचे तीन आकडे जितके मोठे तितकी छटा साधारणपणे उजळ. एफ-१६ च्या परिचित तीन करड्या छटांपैकी पाठीवर ३६११८, नाक आणि शेपटीवर ३६२७०, तर पोटाला ३६३७५ दिला जातो. वरून ऊन पडते आणि खाली सावली राहते, म्हणून वरची बाजू गडद व खालची फिकी ठेवली, की दुरून विमानाचा उठाव कमी होतो.

क्रमांकाबरहुकूम घेतलेला रंग मॉडेलवर मात्र हमखास गडद वाटतो. हातातले मॉडेल आपण ३० सेंटिमीटरांवरून पाहतो, आणि एकास अठ्ठेचाळीस या प्रमाणात ते अंतर खऱ्या विमानापासून १४ मीटरांहून अधिक भरते. मधल्या हवेमुळे दूरची वस्तू फिकट दिसते, शिवाय मोठ्या पृष्ठभागावर पडणारे उघडे ऊन खोलीतल्या दिव्यात नसते. म्हणून बरेच जण मूळ रंगात थोडा पांढरा किंवा फिका करडा मिसळतात. किती मिसळावा, हे मात्र डोळ्यानेच ठरते.

एअरब्रशसाठी, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनासाठी, रंग दुधाइतका पातळ करावा, दाब साधारण एक बार ठेवावा आणि एका जाड हातापेक्षा अनेक पातळ हात द्यावेत. थर फक्त ०.०३ मिलिमीटर झाला, तरी प्रमाणाने तो दीड मिलिमीटर जाडीचा ठरतो, आणि नाजूक खिळ्यांच्या खुणा त्याखाली गाडल्या जातात. लॅकर रंग फवारताना खिडकी उघडी आणि तोंडावर वाफ रोखणारा मास्क असलाच पाहिजे. दोन करड्यांमधली सीमा खऱ्या विमानावर किंचित विरलेली असते. पाच सेंटिमीटरांचा तो विरलेपणा येथे एका मिलिमीटरात आणायचा असतो. त्यासाठी कागदाचा साचा पृष्ठभागावर घट्ट न चिकटवता जरासा उचलून ठेवतात, म्हणजे त्याच्या कडेखाली रंगाची बारीक फवार शिरते.

कॅनोपीचा फुगीर आकार साच्यातून काढता यावा, म्हणून तिच्या मधोमध अनेकदा एक उभी रेघ राहते. ती प्रथम बारीक कागदाने घासावी लागते. त्यावेळी कॅनोपी पूर्ण धुरकट होते आणि पाहणाऱ्याच्या काळजात धस्स होते, परंतु दोन हजारांच्या वरच्या क्रमांकाच्या, अतिशय बारीक सँडपेपरांनी आणि पॉलिशने ती पुन्हा आरपार होते. एफ-१६ च्या बऱ्याच विमानांच्या कॅनोपीवर सोनेरी झाक असते. पारदर्शक पिवळ्या रंगात काळसर छटेचा थेंब मिसळून ती अतिशय पातळ फवारली जाते.

डिकल, म्हणजे खुणा आणि अक्षरे छापलेले पातळ पापुद्रे, लावण्याआधी मॅट रंगावर चकचकीत व्हार्निशचा हात का देतात, हे जवळून पाहिल्यास कळते. खरबरीत पृष्ठभागावर डिकलच्या पापुद्र्याखाली हवा अडकते आणि अक्षरांभोवती चंदेरी डाग उमटतात. गुळगुळीत पृष्ठभागावर ते टळते. वरून डिकल मऊ करणारे द्रावण लावल्यावर पापुद्रा सुरकुततो. या घडीला त्याला हात लावायचा नाही. वाळताना तो स्वतःच ताणला जाऊन पॅनेल रेषांत बसतो.

पॅनेल रेषांत तेलरंगाचा वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, सोडून रेषांबाहेर उरलेला वॉश पुसला जातो. खालचे व्हार्निश अॅक्रिलिक असल्याने टर्पेंटाइनने ते विरघळत नाही. पुसताना कापड वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे नाकाकडून शेपटीकडे, फिरवावे, कारण खऱ्या विमानावरचे तेलाचे ओघळही उड्डाणात त्याच दिशेने मागे पसरतात. नोझलला काळ्या चकचकीत थरावर धातूचा रंग दिला जातो आणि तापलेल्या धातूच्या पिवळट, निळसर छटा त्यावर अगदी हलक्या हाताने येतात. शेवटी पुन्हा मॅट व्हार्निश दिले, की डिकलची कडा आणि रंग एकसारखे दिसू लागतात. चाके, क्षेपणास्त्रे आणि नाकाच्या टोकाची, हवेचा वेग मोजणारी सुईसारखी पिटॉट नळी यानंतरच जोडली जाते. पिटॉट आधी लावली, तर विमान हातात उलटसुलट करताना ती मोडल्याशिवाय राहत नाही.