बँड ऐकायला एकटीच

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्या खान्देशात बँड म्हटला की मागोमाग लग्न आलंच. त्यामुळे शेजारच्या आजींना मी सांगितलं, ‘शनिवारी पुण्याला चाललेय, बँड ऐकायला,’ तर त्यांनी सरळ विचारलं, ‘कोनं लगीन शे वं?’ लग्नबिग्न काही नाही म्हटल्यावर त्या जरा घुटमळल्या. मग खरा प्रश्न आला, ‘एकलीच जाई राह्यनी का तू?’

हो, एकटीच. यांना विचारलं होतं मी. ‘तीन तास उभं राहायचं, तेही पैसे देऊन?’ म्हणाले आणि पेपर उघडला. मुलीची दहावी. ऑफिसातली एक मैत्रीण यायला तयार होती, पण खरं सांगू? तिला मीच टाळलं. सोबत कुणाला नेलं की आपलं निम्मं लक्ष त्याच्या तोंडाकडे. आवडतंय का, कंटाळली का, भूक लागली का. आवडतं गाणं सुरू व्हायचं आणि नेमकं तेव्हाच तिनं विचारायचं, ‘परतीची गाडी कितीची?’

हा बँड म्हणजे ‘इंडियन ओशन’. दिल्लीचा. १९९० साली सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी सुरू केलेला. सिनेमाची गाणी वाजवून पोट भरण्याऐवजी स्वतःची गाणी बांधायची, हा यांचा हट्ट. असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवताच गायचे. त्यांचा ‘कंदिसा’ हा अल्बम २००० साली आला. त्याची कॅसेट वसतिगृहात माझ्या हाती लागली, आणि त्यात ‘मा रेवा’ निघालं.

रेवा म्हणजे नर्मदा. आणि नर्मदा म्हणजे आमच्या घरचा विषय. माझे वडील धडगाव भागात आश्रमशाळेत शिक्षक. तेव्हा नंदुरबार वेगळा जिल्हा नव्हता, धुळ्यातच होतं. १ जुलै १९९८ ला वेगळं झालं. महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदेचा काठ येतो तो एवढाच, अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरांखालचा. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्राची तेहतीस गावं सापडली, ती सगळी इथलीच. वडिलांनी एकदा मला होडीतून नेलं होतं. पाण्यातून महूच्या झाडाचा नुसता शेंडा वर आलेला, वाळून पांढरा पडलेला, आणि त्यावर एक बगळा. नावाडी म्हणाला, याच्याखाली माझं घर. मी वाकून पाहिलं. पाणी हिरवं होतं, काही दिसलं नाही.

तेच नाव, त्याच नदीचं, दिल्लीच्या लोकांनी गायलेलं मी त्या कॅसेटवर ऐकलं. पुढे कळलं की त्यांचे बास गिटार वाजवणारे राहुल राम नर्मदा आंदोलनात होते, खोऱ्यात राहिलेले होते. तेव्हा कुठे मला त्या गाण्यातल्या आपलेपणाचा पत्ता लागला.

रात्रीच्या गाडीनं निघाले. मनमाड, दौंड, पहाटे पुणं. दिवसभर वेळ कसा काढला ते सांगत बसत नाही. एकट्या बाईनं बागेतल्या बाकावर दोन तास बसलं की लोक काय काय विचारतात, ते एका वेगळ्या भाषणात.

संध्याकाळी फाटकावर माझी पिशवी तपासली. कळण्याची भाकरी आणि ठेचा, डबा स्टीलचा. ‘मॅडम, आत खायचं अलाउड नाही.’ सांगून पाहिलं, उपयोग नाही. मग बाजूला फुटपाथवर बसून खाल्लं. रांगेतली कॉलेजची दोन पोरं बघत होती, त्यांना अर्धी भाकरी दिली. ठेच्यानं एकाच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तो ‘भारी आहे काकू’ म्हणाला. रिकामा डबा मात्र आत जाऊ दिला. त्यातलं तर्कशास्त्र मला अजून उमगलेलं नाही.

आणि मग सुरू झालं. श्रोतेहो, बास गिटार कॅसेटवर कानाला ऐकू येते. मैदानात ती बरगडीला ऐकू येते. मांडीवरच्या पिशवीतला डबा सुद्धा थरथरत होता. ड्रम वाजवणारे अमित किलम मध्येच गबगुबी घेतात. बाउल लोकांचं वाद्य ते. चामड्यातून निघालेली तार एका हातानं ताणायची, दुसऱ्या हातानं छेडायची. आपल्याकडच्या चौंडक्याचा चुलतभाऊच म्हणा ना. असीमदांच्या जागी आता दुसरे गायक, दुसरे तबलावाले. ते २००९ च्या डिसेंबरात गेले. त्यांना समोर ऐकायचं राहिलं, ही चुटपुट त्या गर्दीतही होतीच.

आपल्याकडे गाणं ऐकायला असं कुणी एकटं जात नाही. कानबाईच्या रात्री जागरणात बसलं की गाणारी मावशी, टाळी देणारी काकू, रोट वाढणारी वहिनी. सगळ्यांना आपण कुणाची लेक, कुणाची सून हे माहीत. ती मजा मला हवीच असते. पण त्या मैदानात मी कुणाचीच कुणी नव्हते. ‘मा रेवा’ चे पहिले सूर लागले तेव्हा मला रडू आलं, आणि ‘काय झालं गं’ असं विचारणारं शेजारी कुणी नव्हतं. ते किती बरं वाटलं, काय सांगू. डोळ्यांसमोर तो पांढरा शेंडा आणि बगळा. आजूबाजूला हजारेक माणसं त्याच नदीचं नाव घेत होती, आणि त्यातल्या बहुतेकांना धडगाव कुठल्या दिशेला आहे हेही ठाऊक नसावं.

शेवटच्या दोन गाण्यांना मी उठले. पिशवी खांद्याला, चपला हातात.

रविवारी दुपारी घरी पोचले तर आजी ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या.

‘कसा वाजना बँड?’

‘छान वाजला.’

‘नाचनी का तू?’

जिन्यात कोणी नाही ना, ते आधी पाहिलं. ‘नाचले ना.’

आजींनी सूपातला पाला फुंकून उडवला आणि म्हणाल्या, ‘मंग लगीनच व्हयनं ना वं ते!’