दाबोळी ते मुंबई : अंतर आणि वेळ

मंडळी, गोव्यातल्या दाबोळी विमानतळावरून मुंबईचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे ४२५ किलोमीटरांवर आहे आणि एअरबस ए३२० जातीचे विमान उंचावर ताशी साधारण ८३० किलोमीटर वेगाने उडते. म्हणजे शाळेतल्या त्रैराशिकाने हा प्रवास अर्ध्या तासात संपायला हवा. तिकिटावर मात्र सव्वा तासाच्या आसपासची वेळ असते. मधला पाऊण तास कुठे जातो, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

आधी अंतराविषयी. वैमानिक ते नॉटिकल मैलांत मोजतात आणि एक नॉटिकल मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर, हे अक्षांशाच्या एका कलेइतके, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतके, अंतर असते. दाबोळी १५ अंश २३ कलांवर, मुंबईचा विमानतळ १९ अंश ५ कलांवर. फरक २२२ कलांचा, म्हणून उत्तरेकडे २२२ नॉटिकल मैल. मुंबई किंचित पश्चिमेला असल्याने कर्ण २३० च्या घरात जातो. नकाशाची पुस्तिका हाती असली की हा हिशेब कोणालाही घरी करता येतो, आणि मुलांकडून तो जरूर करून घ्यावा.

आता वेळ. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर उभे राहीपर्यंतची असते, त्यामुळे धावपट्टीपर्यंतचे संथ जाणे-येणेही तिच्यात धरलेले असते. दहा हजार फुटांखाली वेग सामान्यतः २५० नॉटच्या, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. उतरताना हजार फुटांमागे तीन नॉटिकल मैल हा वैमानिकांचा ढोबळ हिशेब आहे. तीस हजार फुटांवरून उतरायचे तर नव्वद मैल आधीच उतरण धरावी लागते. चढणीलाही जवळपास तेवढेच अंतर लागते, त्यामुळे रत्नागिरीच्या अक्षांशावर विमान पुरते वर पोहोचते न पोहोचते, तोच थोड्या वेळात उतरणीची तयारी सुरू होते, आणि ज्या ८३० च्या वेगावर आपण गणित मांडले तो वेग जेमतेम काही मिनिटेच लाभतो. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते आणि गर्दीच्या वेळी विमानांना आकाशात घिरट्या घालत थांबावे लागते. दिल्ली दाबोळीहून सुमारे १,५०० किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या साडेतीन पट दूर आहे, पण वेळ लागतो जेमतेम दुप्पट, अडीच तासांच्या आसपास. कारण चढ-उतार तेवढेच राहतात आणि वाढतो तो केवळ वेगाचा टप्पा.

५ जानेवारी २०२३ पासून उत्तर गोव्यातल्या मोपा या दुसऱ्या विमानतळावरूनही विमाने उडू लागली. मोपा मुंबईला दाबोळीपेक्षा सुमारे ४० किलोमीटरांनी जवळ आहे. विमानाच्या दृष्टीने ही तीन मिनिटांची बाब, पण दक्षिण टोकाच्या काणकोणच्या माणसाला मोपा गाठायला गोव्याची जवळजवळ सारी लांबी ओलांडावी लागते, आणि हा वेळ कोणत्याही तिकिटावर लिहिलेला नसतो. तिकिटावर विमानतळाची तीन अक्षरी खूण असते: दाबोळीची जीओआय, मोपाची जीओएक्स. काणकोणच्या माझ्या मावसभावाने नुसते ‘गोवा’ वाचले आणि तो दाबोळीला जाऊन उभा राहिला. तेथून जुवारी, मांडवी आणि शापोरा अशा तीन नद्या ओलांडून तो मोपाला पोहोचला, तेव्हा त्याचे विमान मुंबईच्या वाटेवर होते.