मिलर: गिरणीवाल्याचं आडनाव

नमस्कार श्रोतेहो, आज मिलर या इंग्रजी आडनावाबद्दल बोलूया. मिलर म्हणजे गिरणीवाला. 1086 साली राजा विल्यमने जवळजवळ सगळ्या इंग्लंडची मोजदाद करून घेतली, त्यात सहा हजारांच्या आसपास गिरण्या सापडल्या, पाण्यावर चालणाऱ्या, मग गावोगावी मिलर असणारच ना. उत्तरेकडे त्यालाच मिलनर म्हणायचे, आणि गिरणी सांभाळणारा तो मिलवर्ड. चौदाव्या शतकापर्यंत हे आडनाव बापाकडून पोराकडे जायला लागलं, पोरगा शिंपी झाला तरी मिलरच.

पण एक लक्षात ठेवा, गिरणी मिलरची नसायची, जमीनदाराची असायची. गावाने दळण तिथेच टाकायचं आणि धान्यातला वाटा द्यायचा, ही सक्ती. म्हणून लोकांचा राग मिलरवर निघायचा.

आता सेंट ऑल्बन्सची गोष्ट ऐका, मला ही फार आवडते. लंडनच्या उत्तरेला हे गाव, तिथे मोठा ख्रिस्ती मठ आणि गिरणी मठाची. लोक मात्र घरीच जात्यावर दळायचे. (जात्यावरचं पीठ ते पीठच हो, निदान चक्कीवर उभं राहून दळून आणा, पाकिटातल्या पिठाच्या भाकरीला ती चव नाही म्हणजे नाही!) तर मठाचा प्रमुख होता रिचर्ड ऑफ वॉलिंगफोर्ड, लोहाराचा मुलगा, ग्रहताऱ्यांची गती दाखवणारं घड्याळ रचणारा अतिशय हुशार माणूस, पण 1330 च्या सुमारास त्याने घराघरातली जाती जप्त केली आणि त्या दगडांची फरशी मठातल्या बैठकीच्या खोलीत बसवून घेतली. म्हणजे ज्यांचं जातं गेलं त्यांनी मठात यायचं आणि आपल्याच जात्यावर पाय देऊन उभं राहायचं. घरची जाती, मठाची फरशी!

पन्नास वर्षं लोकांनी हे मनात धरून ठेवलं. 1381 ला शेतकऱ्यांचं बंड पेटलं, आणि त्यात लंडनवर चालून गेलेला वॉट टायलर, त्याचं आडनावसुद्धा धंद्याचंच बरं का, कौलं घालणारा. इकडे सेंट ऑल्बन्सचे लोक मठात घुसले, ती फरशी उखडली, दगड फोडले आणि एकेक तुकडा प्रत्येकाच्या हातावर ठेवला, अगदी सत्यनारायणाच्या प्रसादासारखा. चर्चमध्ये रविवारी पवित्र पाव वाटतात तसे वाटले, असं त्याच मठातल्या वॉल्सिंगहॅम नावाच्या साधूने लिहून ठेवलंय, आणि तो तर बंडाच्या पूर्ण विरोधात होता.

त्यांचा पुढारी विल्यम ग्राइंडकॉब. तो पकडला गेला, मग बंडात मठाकडून लिहून घेतलेल्या हक्कांच्या सनदा परत करायला गावाला समजाव या अटीवर जामिनावर सुटला, आणि गावात येऊन म्हणाला काय, तर माझी काळजी करू नका, सनदा सोडू नका. त्याला फाशी झाली. मिलर आडनावाचा इतिहास सांगताना राजांची नावं गाळली तरी चालतील, पण ग्राइंडकॉबचं नाव आलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. नमस्कार.