दाराशी टांगलेला पेला

नमस्कार मंडळी. सुरुवात एका प्लॅस्टिकच्या पेल्यापासून करते. पाण्याच्या बाटलीचा बुडाचा भाग कापून केलेला, दाराशेजारी खिळ्याला अडकवलेला आणि आत मूठभर तांदूळ. इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या त्या गावात मी पोचले तेव्हा दिवेलागणीची वेळ होती आणि घरोघरी दाराशी असा पेला, मला वाटलं पाखरांसाठी असेल, आपल्याकडे ज्वारीची कणसं टांगतात तसं. ज्यांच्या घरी राहणार होते त्या बूंना विचारलं, बू म्हणजे आई, तिकडे कुठल्याही मोठ्या बाईला बूच म्हणायचं. त्या म्हणाल्या, हे रात्री जागणाऱ्यांचं आहे.

गाव बांतुल जिल्ह्यातलं, योग्याकार्ता शहराच्या दक्षिणेला इमोगिरीच्या पुढे, ओपाक नदीच्या बाजूचं. इमोगिरीला मातारामच्या सुलतानांच्या कबरी आहेत म्हणून लोकांना ते नाव माहिती असतं. माझ्या गावाचं नाव मात्र सांगत नाही, छोटं गाव आहे आणि सांगायच्या गोष्टी लोकांच्या घरातल्या आहेत. मी तिथे गेले ते घरं बघायला, कारण मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, आणि त्याच्याही आधी मी औसा तालुक्यातली. १९९३ ला मी आठ वर्षांची होते. इथे लातुरात बसलेल्यांना ३० सप्टेंबरची पहाट मी काय सांगू. विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले, तीन छप्पनला जमीन हलली आणि माळवदाच्या घरांनी माणसं खाल्ली. दोन-दोन फुटांच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकूड आणि मातीचा तो सगळा भार.

बांतुलला २७ मे २००६, शनिवार, पहाटेचे पाच त्रेपन्न. मिनिटभराच्या आत सगळं. भूकंप साधारण आपल्याएवढाच, सहाच्या थोडा वर, ५,७०० च्या वर माणसं गेली आणि दीड लाखाहून जास्त घरं पार झोपली. आमच्या बू तेव्हा मागच्या अंगणात चूल पेटवत होत्या म्हणून वाचल्या, सासूबाई आत होत्या. दीड वर्षापूर्वी त्यांच्याच देशातल्या आचेह प्रांताची त्सुनामी सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेली, त्यामुळे समुद्र आला समुद्र आला अशी अफवा उठली आणि ढिगाऱ्याखालची माणसं तशीच टाकून लोक उत्तरेकडे पळाले. पाणी आलंच नाही. हे सांगताना बूंचा आवाज अजून बदलतो, त्या पळाल्या होत्या.

आता पेल्याकडे येते. त्या तांदळाला जिम्पितान म्हणतात, शब्दाचा अर्थ चिमटीत मावेल तेवढं. रात्री गावातले पुरुष पाळीपाळीने गस्त घालतात, ती रोंदा. आपल्याकडेही जुनी माणसं रोंद म्हणायची बघा. आठवड्याचे वार वाटून दिलेले असतात, कुणाची पाळी सोमवार, कुणाची गुरुवार, बांबूच्या चौकीत बसायचं, कॉफी, शेंगा, पत्ते, आणि मध्यरात्रीनंतर दारोदार फिरून पेल्यातले तांदूळ पिशवीत ओतून घ्यायचे. आता बऱ्याच ठिकाणी तांदळाऐवजी पाचशे रुपियाचं नाणं टाकतात, आपल्या तीन रुपयांच्या आतबाहेर. महिनाअखेरीला त्याचा हिशोब सगळ्यांसमोर वाचतात आणि त्यातून गल्लीतला दिवा, कुणाच्या घरी मयत झालं तर खुर्च्या-मांडव, असं निघतं. पण खरी गंमत पैशाच्या आधीची आहे. तांदूळ गोळा करायचा म्हणजे गस्तीवाल्याला प्रत्येक दाराशी रोज जावंच लागतं. कुठल्या घरात म्हातारं खोकतंय, कुठला दिवा अजून चालू आहे, कुठला पेला दोन दिवस भरलाच नाही, हे सगळं आपोआप कळतं. एक विधवा बाई तापाने पडून होत्या ते रिकाम्या पेल्यावरूनच कळलं होतं, मी तिथे असतानाची गोष्ट.

तिकडे राखण करण्याला शब्द आहे जागा. मूळ आपलाच, जाग, जागणं. आणि आपल्या गावगाड्यात जागल्या होता की नाही? फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे, की आपण जागण्याचं काम एका जातीच्या माथ्यावर मारलं आणि बाकीचा गाव झोपला. तिथे शाळामास्तर, भातशेतीवाला, गवंडी, दुकानदार सगळे आपापल्या वारी जागतात. पाळी चुकवली तर दंड असतो, तो भरून मोकळे होणारेही आहेत, पण लोक त्यांची नोंद ठेवतात, मनातल्या वहीत.

चौकीत लाकडाचा एक पोकळ ओंडका टांगलेला असतो, केंतोंगान, मधे उभी चीर. त्याच्यावर ठोके द्यायचे. आमच्या चौकीत बोर्डच होता, दोन-दोन ठोके म्हणजे चोर, तीन-तीन म्हणजे आग, आणि न थांबता भराभर वाजलं तर कसलंही संकट, सगळ्यांनी बाहेर या. गावागावात थोडा फरक असतो. मोबाईल प्रत्येकाकडे आहे, व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तरी ओंडका आहे, कारण भूकंपाच्या दिवशी वीज गेली आणि फोन लागेनात.

आणि नवा माणूस आला की चोवीस तासांत कळवायचं. गल्लीच्या तोंडाला पाटीच असते, पाहुण्यांनी कळवणं बंधनकारक. कळवायचं कुणाला, तर पाक एर्तेंना. पाक म्हणजे बाबा, मोठ्या पुरुषाला म्हणायचं, आणि एर्ते म्हणजे काही डझन घरांचा शेजारगट, त्याच्या प्रमुखाला लोक नावाने हाक मारतच नाहीत, पाक एर्ते. मी पासपोर्टची झेरॉक्स घेऊन बूंबरोबर गेले, त्यांनी वहीत लिहिलं, चहा दिला, लग्न झालंय का विचारलं, आईवडील काय करतात विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावाला माझी कुंडली माहीत. सुरुवातीला मला याचा त्रास झाला, खरंच सांगते, रडू यायचं. आंघोळीला कधी जाते हेही शेजारणीला माहीत.

या व्यवस्थेचा इतिहासही साधा नाहीये. शेजारगटाची ही रचना जपानी लष्कराने १९४२ ते ४५ च्या ताब्यात आणली, माणसं आणि धान्य मोजायला, नजर ठेवायला. १९६५-६६ ला जावाच्या गावागावात डाव्या म्हणून ठरवलेल्या माणसांच्या कत्तली झाल्या तेव्हा शेजारी कोण, कुठल्या सभेला जायचा, हे शेजाऱ्यालाच माहीत होतं. गावातले म्हातारे त्यावर बोलत नाहीत, बाजूला बघतात. आणि चोर सापडला तर पोलीस यायच्या आत जमाव इतका मारतो की माणूस मरतोही. हे मी लपवणार नाही. ज्या डोळ्यांनी त्या बाईंचा रिकामा पेला बघितला तेच हे डोळे आहेत.

जमिनीचं सांगते, कारण दर महिन्याला कुणीतरी मराठी माणूस मला फोन करून विचारतोच की बालीत प्लॉट घ्यावा का, तिथे स्वस्त आहे म्हणे. इंडोनेशियात १९६० चा जमीन कायदा आहे, त्याप्रमाणे पूर्ण मालकी हक्क, त्याला हाक मिलिक म्हणतात, हा फक्त त्यांच्या नागरिकाला. परदेशी माणसाला मुदतीचा वापर हक्क मिळतो. मग एजंट सांगतो की स्थानिक माणसाच्या नावावर घेऊ, आतून तुमचा करार करू. तो करार कायद्याने टिकत नाही, जमीन गेली, पैसे गेले. नका घेऊ. आणि योग्याकार्तात तर १९७५ च्या एका आदेशामुळे चिनी वंशाच्या त्यांच्याच नागरिकांनाही पूर्ण मालकी मिळत नाही, पिढ्यान्पिढ्या तिथे राहून. मला हे अन्यायाचं वाटतं आणि तिथल्या मित्रांनाही मी ते बोलले आहे.

गावातल्या लोकांची जमीन म्हणजे अर्धा हेक्टरही नसते बहुतेकांची. घराभोवतीचा तुकडा वेगळा, पेकारांगान, त्यात नारळ, केळी, फणस, पपई, कसावा, कोंबड्या, एखादं माशांचं डबकं. कंपाउंड नाही, पायवाट एकाच्या अंगणातून दुसऱ्याच्या अंगणात जाते. वाटणीच्या वेळी मुलीलाही हिस्सा मिळतो. एक म्हण आहे, सेपिकुल सेगेंदोंगान, पुरुष कावडीवर दोन ओझी नेतो, बाई पाठीवर एक, म्हणजे त्याला दोन वाटे तिला एक. पण पुष्कळ घरं सरळ समान वाटतात. आमच्या बूंना भावाइतकंच मिळालं होतं आणि त्या हे सांगताना ताठ बसायच्या.

कागदाचं म्हणाल तर गाव कचेरीत एक जुनं रजिस्टर, त्याला लेटर चे म्हणतात. लोकांना वाटतं तीच मालकी. ती कराची नोंद आहे, जसं आपण सातबारा छातीशी धरतो पण तो मुळात महसुलाचा उतारा. खरा दाखला जमीन खात्याचं सर्टिफिकेट, ते अनेकांकडे नव्हतं, २०१७ पासून सरकारने गावंच्या गावं मोजून द्यायला घेतलं. मोजणीच्या वेळी चतुःसीमेच्या शेजाऱ्यांनी मान्यता द्यावी लागते. म्हणजे भांडलात तर कागदही अडतो. भूकंपात कागद गाडले गेले, बांधाचे दगड हलले, तेव्हा हद्द कुणी सांगितली, तर शेजाऱ्यांनीच, हे फणसाचं झाड तुझं, इथून पुढे माझं.

घरांबद्दल बोलायला लागले तर रात्र पुरणार नाही, थोडक्यात सांगते. जुनं जावानीज घर लाकडी सांगाड्याचं, खांब जमिनीत पुरलेले नसतात, दगडी बैठकीवर नुसते टेकलेले, सांधे खिळ्यांशिवाय. हललं की डुलतं, करकरतं, पण बहुतेक उभं राहतं. लाकूड महाग झालं, विटा स्वस्त, आणि पक्कं घर म्हणजे प्रतिष्ठा, मग अर्ध्या विटेच्या भिंती आल्या, ना कोपऱ्याला लोखंडी सळ्यांचा काँक्रीटचा कॉलम ना भिंतीच्या वर काँक्रीटचा पट्टा. त्याच पडल्या. आपल्याकडे जड होतं म्हणून पडलं, तिकडे बांधलेलं नव्हतं म्हणून पडलं. नव्या घरांना त्यांनी खाली पट्टा, कोपऱ्यात कॉलम, वर पट्टा, आणि सगळं लोखंडाने एकमेकांत गुंतवलेलं, असं केलं.

बांधलं कसं? दहा-पंधरा कुटुंबांचा एक गट, सरकारी पैसा गटाच्या हातात, हप्त्याहप्त्याने. कुणाचं घर आधी हे बैठकीत ठरायचं. मजुरीला लोक कुठले, तर एकमेकांचे, त्याला साम्बातान म्हणतात, आज तुझ्याकडे उद्या माझ्याकडे, घरधनी जेवण घालतो. आपली इर्जिक, आपली सावड, तंतोतंत! बूंचं घर सातवं झालं, तोवर त्या दुसऱ्या सहा घरांच्या स्वयंपाकाला होत्या. आणि घर उभं राहिलं ते त्याच अंगणात, त्याच फणसाखाली, शेजारी तेच.

प्रवासाचं पटकन. मोटारसायकल, बस्स. गावात ना एसटी ना रिक्षा, शाळकरी पोरांपासून भाजीवाल्या बायांपर्यंत सगळे दुचाकीवर, पेट्रोल टपरीवर काचेच्या बाटलीत मिळतं. गाडी डावीकडून चालते त्यामुळे आपल्याला सवय होते. रात्री दहानंतर गल्लीच्या तोंडाला बांबूचा आडवा अडसर पडतो, उशीर झाला तर चौकीतला माणूस उठून उघडतो आणि विचारतो, कुठून? दिवसा जाताना विचारतात, कुठे निघालीस? आपल्याकडे कुठं विचारलं की अपशकुन, आपण लांब का म्हणतो. तिकडे कुठे हाच नमस्कार, आणि उत्तर पूर्ण द्यायचं नसतं, जरा तिकडे म्हटलं की झालं. गावातल्या वाटेवर मी मध्यरात्री एकटी चालले आहे, कधी भीती वाटली नाही. शहराच्या कडेच्या मोठ्या रस्त्यांवर मात्र रात्री पोरांच्या टोळ्या हत्यारं घेऊन दुचाकीवर फिरतात, त्याला क्लिथिह म्हणतात, विनाकारण वार करतात, तिथे रात्री मी जात नसे आणि कुणी जाऊ नये.

एका रात्री बूंना मी फोनवर आमच्या नव्या गावाचे फोटो दाखवले. सरळ रेषेतले रस्ते, रांगेतली घरं. तुम्हाला माहितीच आहे, ५२ गावं उठवून दुसरीकडे वसवली, आणि घर कसं दिलं तर ज्याची जेवढी शेतजमीन त्या मापावर, २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट, एका मापाची घरं एका बाजूला. घरं मजबूत आहेत, मी स्वतः तपासली आहेत, वाईट म्हणणार नाही. बूंनी फोटो मोठा करून खूप वेळ बघितला आणि विचारलं, न्दुक, म्हणजे पोरी, यातलं तुमच्या आधीच्या शेजारणीचं घर कुठलं? मला सांगता येईना. घरी फोन लावला, आईला विचारलं, तीही थांबली, म्हणाली सोनारगल्लीतल्या काकू कुठल्या रांगेत गेल्या गं, बघायला हवं.

म्हणून मी गेली चार वर्षं एक काम करतेय. जुन्या गावांच्या गल्ल्यांचे नकाशे काढतेय, ९३ च्या आधी कुणाच्या भिंतीला कुणाची भिंत होती. सात गावं झाली. माणसं म्हातारी होत चालली आहेत, घाई आहे. मागे टेबलावर कोरे कागद आणि पेन्सिली ठेवल्या आहेत, त्या ५२ गावांपैकी कुणी आलं असेल, किंवा घरात कुणी म्हातारं असेल ज्यांना आठवतं, तर जाताना थांबा, आधी तुमचं दार काढा, मग डावीकडचं, मग उजवीकडचं. चहा येतोय, मी आठ वाजेपर्यंत इथेच आहे.