यीस्टने घडवलेली लस

आपल्याकडे बाळ जन्मल्यावर २४ तासांच्या आत त्याला हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराची लस टोचतात. त्या लशीत विषाणू नसतो, मेलेलासुद्धा नसतो. असतं ते त्याच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन, आणि तेही यीस्ट या एकपेशीय बुरशीच्या पेशींनी तयार केलेलं.

हा विषाणू प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये नीट वाढत नाही. म्हणून १९८१मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली पहिली लस बाधित माणसांच्या रक्तातून काढावी लागली. त्यांच्या रक्तात या प्रथिनाचे २२ नॅनोमीटरचे पोकळ कण तरंगत असतात. ते वेगळे करून, त्यांत जिवंत विषाणू उरू नये म्हणून पेप्सिन, युरिया, फॉर्मलिनची प्रक्रिया करून लस बनायची. लस चांगली होती. पण त्याच सुमारास एड्स आला, आणि माणसाच्या रक्तातून आलेली लस टोचून घ्यायला लोक बिचकू लागले.

मग प्रथिनाचं जनुक ई. कोलाय या जिवाणूत घालून पाहिलं. इथे माझा खरा मुद्दा येतो. जनुक घातलं म्हणजे काम झालं, असं आपण फार सहज म्हणतो. हे प्रथिन २२६ अमिनो आम्लांचं. त्याची घडी सल्फरच्या बंधांनी घट्ट धरलेली असते, आणि अशी अनेक प्रथिनं एकत्र येऊन कण बनतो. आपली प्रतिकारशक्ती जोमाने जागी होते ती त्या कणामुळे. जिवाणूत हे कण नीट जमेनात. यीस्टमध्ये मात्र १९८२मध्ये पाब्लो व्हॅलेन्झुएला आणि विल्यम रटर या शास्त्रज्ञांच्या गटाला ते मिळाले. १९८६मध्ये अमेरिकेत यीस्टमध्ये बनवलेली लस मंजूर झाली.

आपल्या देशात १९९७मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने अशी लस आणली, तीही पिकिया नावाच्या वेगळ्या यीस्टमध्ये. या यीस्टचा एक गुण मला फार आवडतो. ते मिथेनॉल खाऊन जगू शकतं, आणि मिथेनॉल पचवणाऱ्या एन्झाइमचं जनुक मिथेनॉल मिळाल्यावरच जोरात चालू होतं. त्याच जनुकाच्या नियंत्रक भागापुढे आपलं जनुक जोडायचं. आधी ग्लिसरॉल घालून पेशी भरपूर वाढू द्यायच्या, मग टाकीत मिथेनॉल सोडायचं. प्रथिन बनू लागतं. ते पेशीतच राहतं, म्हणून पेशी फोडाव्या लागतात, आणि यीस्टच्या इतर हजारो प्रथिनांतून ते शुद्ध करणं हे सगळ्यात चिवट काम. शेवटी, प्रतिकारशक्ती अधिक जोमाने जागी व्हावी म्हणून, ते ॲल्युमिनियमच्या क्षारावर बसवतात.

पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची हिपॅटायटिस बीची लस हान्सेन्युला या यीस्टमधली. तेच यीस्ट ऑक्सफर्डच्या आर२१ या मलेरियाच्या लशीसाठी वापरलं जातं. मलेरियाच्या परजीवीच्या प्रथिनाचा तुकडा याच हिपॅटायटिस बीच्या प्रथिनाला जोडला, की कण बनतात ते मलेरियाचा तुकडा अंगावर घेऊन. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये या लशीची शिफारस केली. ती पुण्यातच तयार होते.