मंडालेचा डॉक्टर आणि निवडणूक हरलेलं लष्कर

श्रोतेहो, नमस्कार.

मंडाले म्हटलं की मराठी माणसाला लोकमान्य टिळक आठवतात. 1908 साली राजद्रोहाच्या 124 अ कलमाखाली त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि 1914 पर्यंत ते तिथल्या तुरुंगात होते. हे आपण शाळेतच शिकतो. शाळेत सांगायचं राहून जातं ते पुढचं. इंग्रज ब्रह्मदेशातून, म्हणजे आजच्या म्यानमारमधून, गेले, पण ते कलम तिथेच राहिलं. 1937 पर्यंत तो देश ब्रिटिश हिंदुस्थानचा एक प्रांत होता, म्हणून 1860 ची दंडसंहिता त्यांचीही आणि 2024 पर्यंत आपलीही, कलमांचे आकडेसुद्धा तेच. बेकायदा संघटनांबद्दलचा कायदाही टिळकांना शिक्षा झाली त्याच 1908 सालचा. पुढे स्वतंत्र ब्रह्मदेशाच्या लष्कराने ही सगळी हत्यारं आयती उचलली आणि स्वतःच्याच लोकांवर चालवली.

याच मंडालेतल्या दुसऱ्या एका कैद्याबद्दल आज सांगायचं आहे. त्याचं नाव झॉ मिंट माँग. पेशाने डॉक्टर. पण त्याच्याकडे येण्याआधी त्याच्या पक्षाची गोष्ट सांगायला हवी. एखाद्या लष्करी राजवटीने विरोधी पक्ष कसा मोडायचा, याचा इतका लांबलचक धडा जगात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

मार्च 1962 मध्ये जनरल ने विन यांनी सत्ता घेतली. त्यांची पद्धत सोपी होती. 1964 मध्ये कायदा केला आणि स्वतःचा एक पक्ष सोडून बाकी सगळ्यांवर बंदी घातली. विरोधी पक्षच नाही म्हटल्यावर त्याला दाबायचा प्रश्नच मिटला. विद्यार्थ्यांचं तर त्याआधीच, जुलै 1962 मध्ये, आटोपलं होतं. रंगून विद्यापीठातल्या निदर्शनांवर गोळीबार केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यार्थी संघटनेची इमारत सुरुंग लावून उडवून दिली. चर्चा करायला जागा मिळाली की माणसं जमतात, तेव्हा जागाच नको, असा तो हिशेब.

हे 25 वर्षं चाललं. मग 1987 च्या सप्टेंबरात सरकारने 25, 35 आणि 75 क्यातच्या नोटा एका रात्रीत रद्द केल्या (क्यात हे तिथलं चलन). बदली पैसे काही नाही. त्यांच्या जागी आल्या 45 आणि 90 क्यातच्या नोटा, दोन्ही नऊने भाग जाणाऱ्या, कारण नऊ हा ने विनसाहेबांचा शुभ आकडा असं लोक म्हणत. घरात डब्यात ठेवलेली शिल्लक रद्दी झाली. पुढच्याच वर्षी, 8 ऑगस्ट 1988 ला, देश रस्त्यावर आला. हजारोंच्या संख्येने माणसं मारली गेली. सप्टेंबरात लष्कराने नव्याने सूत्रं हाती घेतली आणि त्याच वेळी निवडणुका घेऊ असं जाहीर केलं.

इथून गोष्ट खरी सुरू होते. लष्कराला निवडणूक हवी होती, कारण ती आपणच जिंकू याची त्याला खात्री होती. पक्षांना नोंदणी खुली केली तेव्हा दोनशेहून जास्त पक्ष निघाले. इतक्या भाऊगर्दीत मतं फुटतील आणि लष्कराचा जुना पक्ष, आता नवं नाव घेऊन, आरामात पुढे येईल असं गणित होतं. शिवाय पाच माणसांनी एकत्र जमायला मनाई. रेडिओ-टीव्हीवर प्रचाराला मोजून काही मिनिटं, आणि भाषणाचा मजकूर आधी तपासून घ्यायचा. (मी आज जे बोलतोय ते तिथे त्या वेळी कितपत उरलं असतं, ते तुम्हीच ठरवा.)

या गर्दीत एक पक्ष होता नॅशनल लीग फॉर डेमोक्रसी. 1988 च्या सप्टेंबरअखेर स्थापन झालेला. स्वातंत्र्यसेनानी आंग सान यांची कन्या आंग सान सू ची, लष्करातून हाकललेले माजी सेनाप्रमुख तिन ऊ, विन तिन नावाचे पत्रकार, अशी मंडळी त्यात होती. 1989 च्या जुलैत सू ची आणि तिन ऊ यांना लष्कराने अटकेत टाकलं. सू ची यांची उमेदवारीही बाद झाली. 27 मे 1990 ला पुढारी कोंडलेल्या या पक्षाने 485 पैकी 392 जागा जिंकल्या. लष्कराच्या लाडक्या पक्षाला मिळाल्या 10.

आता लष्कराने काय करावं? निकाल रद्द केला असता तर जगभर ओरड झाली असती. त्याने निकाल रद्द केलाच नाही. दोन महिने गप्प राहून, 27 जुलैला एक घोषणापत्र काढलं. त्याचा सारांश असा: ज्यांना तुम्ही निवडून दिलंत ते सरकार बनवायला नाहीत, ते नवी राज्यघटना लिहायला आहेत, आणि तोवर कारभार आमचाच. मतदान होऊन गेल्यावर मतदान कशासाठी होतं ते सांगायचं! मला विचाराल तर या साऱ्या कहाणीतली सगळ्यात निर्लज्ज आणि सगळ्यात हुशार चाल ही. निकाल तसाच ठेवला, फक्त त्याचा अर्थ काढून घेतला.

दुसऱ्याच दिवशी पक्षाचे निवडून आलेले प्रतिनिधी रंगूनमधल्या गांधी हॉलमध्ये जमले. हो, गांधी हॉल, आपलेच गांधी. त्यांनी संसद बोलवा अशी मागणी केली. संसद बोलावली गेली नाही. प्रतिनिधींना मात्र एकेक करून बोलावणी येऊ लागली, पोलिसांची. आपली संसद आपणच भरवावी म्हणून हालचाल करणाऱ्यांत आपले मंडालेचे डॉक्टर होते. ते नुकतेच निवडून आले होते. त्यांच्यावर देशद्रोहाचा खटला झाला आणि पुढची सुमारे 19 वर्षं ते तुरुंगात राहिले. आमदारकी-खासदारकीची शपथ घेतलीच नाही, शिक्षा मात्र भोगली.

त्यानंतरच्या वीस वर्षांत जे झालं त्यात धडाकेबाज असं फार थोडं आहे, म्हणून त्याच्या बातम्या झाल्या नाहीत. पण पक्ष मोडतो तो याच कामाने. तिथे 1907 सालचा, पुन्हा इंग्रजांचाच, एक नियम होता: घरी कुणी रात्री मुक्कामाला आलं तर वॉर्डाच्या अधिकाऱ्याला कळवायचं. मामा आला, मेहुणी आली, तरी नोंद. रात्री दारावर थाप पडायची, घरातल्या माणसांची यादी हातात घेऊन अधिकारी उभा. यादीत नसलेला माणूस सापडला की चौकशी. आता तुम्हीच सांगा, कार्यकर्ता गावोगाव फिरल्याशिवाय पक्ष कसा चालणार? आणि फिरणाऱ्या कार्यकर्त्याने झोपायचं कुठे?

1998 मध्ये पक्षाने पुन्हा संसदेचा विषय काढला, तेव्हा शेकडो लोकप्रतिनिधी आणि कार्यकर्ते उचलले गेले. त्यांना कैदी म्हणायचं नाही. सरकारी अतिथिगृहात ठेवलेले ते पाहुणे! मग सरकारी वर्तमानपत्रांत रोज राजीनाम्यांच्या बातम्या येऊ लागल्या. अमुक गावच्या इतक्या सदस्यांनी स्वखुशीने पक्ष सोडला. त्या स्वखुशीमागे काय असेल याचा अंदाज तुम्हाला येईल. भाऊ सरकारी शाळेत मास्तर असतो, मुलीचा कॉलेजचा प्रवेश व्हायचा असतो, दुकानाचा परवाना नूतनीकरणाला गेलेला असतो. दर वेळी मारावंच लागतं असं नाही.

अर्थात मारलंही. 1993 मध्ये लष्कराने एक जनसंघटना उभी केली होती, दिसायला समाजसेवी. 30 मे 2003 ला डिपेयिन गावाजवळ रात्रीच्या वेळी सू ची यांच्या ताफ्यावर त्याच माणसांच्या जमावाने काठ्या-सळ्या घेऊन हल्ला केला. अनेकजण ठार झाले. सू ची निसटल्या आणि पुन्हा अटकेत गेल्या. हल्लेखोरांना नव्हे, पक्षालाच टाळं लागलं, देशभरातली कार्यालयं बंद. 2010 मध्ये ती जनसंघटना कात टाकून राजकीय पक्ष झाली. आज तिथे सत्तेच्या बाजूचा पक्ष आहे तो हाच, यूएसडीपी, म्हणजे युनियन सॉलिडॅरिटी अँड डेव्हलपमेंट पार्टी.

2010 च्या निवडणुकीची तयारी तर बुद्धिबळासारखी केली होती. 2008 मध्ये नर्गिस चक्रीवादळाने इरावतीच्या मुखाकडचा प्रदेश उद्ध्वस्त केला. प्रेतं पाण्यात तरंगत होती, आणि त्याच मे महिन्यात सरकारने नव्या घटनेवर सार्वमत उरकून घेतलं. 92 टक्क्यांहून जास्त लोकांनी पसंती दिली असं सांगितलं. त्या घटनेत संसदेच्या 25 टक्के जागा गणवेशातल्या अधिकाऱ्यांना, आणि घटनादुरुस्तीला 75 टक्क्यांहून जास्त मतं लागणार. गणित जमतंय ना? परदेशी नवरा किंवा परदेशी मुलं असलेल्याला राष्ट्राध्यक्ष होता येणार नाही, हे कलमही त्यात आलं. सू ची यांचे पती इंग्रज होते आणि मुलंही ब्रिटिश नागरिक.

मग 2009 च्या मे महिन्यात एक अमेरिकन माणूस तळं पोहून सू ची यांच्या घरी पोचला. का, ते त्यालाच ठाऊक. पण नजरकैदेची अट मोडली म्हणून शिक्षा झाली सू ची यांना. आणि मार्च 2010 मध्ये पक्षनोंदणीचा नवा कायदा आला: शिक्षा भोगत असलेला माणूस पक्षाचा सदस्य असू शकत नाही. म्हणजे एक तर स्वतःच्या नेत्याला हाकला, नाही तर नोंदणी करू नका, आणि नोंदणी नसेल तर पक्षच नाही. पक्षाने नोंदणी नाकारली. त्यातला एक गट फुटून निवडणुकीला उभा राहिला आणि त्याने चिन्ह घेतलं बांबूची शेतकरी टोपी, जी 1990 मध्ये मूळ पक्षाचं चिन्ह होती. मूळ पक्ष चिडला, तक्रारी झाल्या. पक्ष फुटला की चिन्हावरून काय काय होतं, हे महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना मी समजावून सांगायची गरज नाही.

पुढची काही वर्षं बरी गेली म्हणायची. सू ची सुटल्या, पक्षाने पुन्हा नोंदणी केली, 2015 ची निवडणूक प्रचंड फरकाने जिंकली. मंडालेचे डॉक्टर 2016 मध्ये त्याच मंडाले प्रांताचे मुख्यमंत्री झाले. राष्ट्राध्यक्षपदाची अडचण टाळून सू ची यांच्यासाठी वेगळं पद निर्माण करण्यात ज्या कायदेपंडिताचा मोठा हात होता, त्या को नी यांना जानेवारी 2017 मध्ये यांगोनच्या, म्हणजे जुन्या रंगूनच्या, विमानतळावर गोळी घालून मारलं. त्या वेळी त्यांच्या कडेवर नातू होता.

एक गोष्ट इथे झाकून ठेवली तर ती लबाडी होईल. 2017 मध्ये याच लष्कराने रोहिंग्यांची गावं जाळली, लाखो लोक बांगलादेशात पळाले, आणि 2019 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात देशाची बाजू मांडायला सू ची स्वतः उभ्या राहिल्या. लष्कराशी जुळवून घेतलं तर आपला पक्ष वाचेल असं त्यांना वाटलं असेल, किंवा त्यांना खरोखर तसंच वाटत असेल. काहीही असो, लष्कराने त्याची काडीची भीड ठेवली नाही.

नोव्हेंबर 2020 च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला 476 पैकी 396 जागा मिळाल्या, यूएसडीपीला 33. मतदारयाद्यांत एक कोटीहून जास्त घोळ आहेत असा लष्कराचा दावा. 1 फेब्रुवारी 2021 ला, नवी संसद भरायची त्याच दिवशी पहाटे, जनरल मिन आंग लाइंग यांनी सगळ्यांना उचललं. सू ची यांच्यावर पहिला गुन्हा कोणता? घरात बेकायदा आयात केलेले वॉकीटॉकी सापडले! राष्ट्राध्यक्ष विन मिंट यांच्यावर कोविडचे नियम मोडल्याचा. रात्री आठ वाजता यांगोनच्या गॅलऱ्यांतून लोक भांडी बडवू लागले, भुतं पळवायला बडवतात तशी. आपल्याकडे महागाईविरुद्ध बायकांनी लाटण्याने थाळ्या बडवल्या होत्या, तो आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना हेही ओळखीचं वाटेल. जुलै 2022 मध्ये पक्षाचे माजी खासदार झेया थॉ, एके काळचे हिप-हॉप गायक, यांना फाशी दिली गेली.

आणि एवढं करूनही कागद लागलाच. जानेवारी 2023 मध्ये नवा नोंदणी कायदा: देशभर लढायचं तर नोंदणी मिळाल्यापासून 90 दिवसांत एक लाख सदस्य, 10 कोटी क्यात अनामत, देशातल्या निम्म्या तालुक्यांत कार्यालयं. पुढारी तुरुंगात, कार्यकर्ते जंगलात किंवा थायलंडमध्ये, आणि सदस्य म्हणून नाव नोंदवायचं म्हणजे पोलिसांना पत्ता द्यायचा. 28 मार्चला नोंदणीची मुदत संपली. हा पक्ष आणि आणखी 39 पक्ष बरखास्त झाल्याचं सरकारी टीव्हीवर जाहीर झालं. 1964 मध्ये ने विन यांनी जे एका ओळीत केलं, त्यालाच आता अर्ज, मुदत आणि अनामत रक्कम लागली. 28 डिसेंबर 2025 ला लष्कराने पुन्हा मतदान सुरू केलं, टप्प्याटप्प्याने. मतदानयंत्रावर त्या पक्षाचं नाव नव्हतं.

मंडालेच्या डॉक्टरांना 1 फेब्रुवारी 2021 लाच अटक झाली होती. एकामागून एक खटले चालून शिक्षेची बेरीज 29 वर्षांवर गेली. तुरुंगात असतानाच त्यांना रक्ताचा कर्करोग होता. ऑक्टोबर 2024 मध्ये, ते मंडालेच्या इस्पितळात अखेरचे क्षण मोजत असताना, सरकारने त्यांची उरलेली शिक्षा माफ केल्याचा कागद आणला. त्यानंतर लगेचच, 7 ऑक्टोबरला, ते गेले.

नमस्कार.