चौथं बटण

(दृश्य: सकाळचा बिंदू चौक. रिक्षा, सायकली, जुन्या तुरुंगाची भिंत, दोन पुतळे.)

आंदोलन कसं करायचं, हे कोल्हापूरला कुणी शिकवायला नको.

या बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले ते 9 डिसेंबर 1950 रोजी, बाबासाहेब हयात असताना. पुढाकार भाई माधवराव बागलांचा. तेव्हापासून संप असो, मोर्चा असो, निवडणूक असो, बिंदू चौकात सभा झाल्याशिवाय गावाला ती झाल्यासारखी वाटतच नाही. शहराच्या वेशीवर नऊ टोलनाके बसले, तेव्हा तालमी, महिला मंडळं, वकील, रिक्षावाले सगळे एकाच मोर्चात चालले. पुढं एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे. डिसेंबर 2015 मध्ये टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. उच्च न्यायालयाचं खंडपीठ कोल्हापूरला व्हावं म्हणून वकिलांनी चार दशकं दम धरला आणि 17 ऑगस्ट 2025 रोजी सर्किट बेंचचं उद्घाटन झालं. हे उच्च न्यायालयाचं फिरतं खंडपीठ. सहा जिल्ह्यांचे पक्षकार आता मुंबईची रात्रीची गाडी न पकडता इथं येतात.

हे सगळं अभिमानानं सांगावं असंच आहे. पण टोलच्या गोष्टीतलं एक पान आपण वगळून वाचतो. ज्या रस्ते प्रकल्पातून तो टोल आला, त्याच्या करारात महापालिकासुद्धा होती. नाके दिसले तेव्हा गाव उठलं. पण कागद सभागृहात फिरत होते तेव्हा आपल्या गल्लीतल्या किती जणांनी नगरसेवकाला गाठून विचारलं होतं, की बाबा, तू हात वर केलास का खाली ठेवलास?

रस्त्यावर उतरण्यात कोल्हापूर पहिला. मतदार यादी बघण्यात, महापालिकेच्या सभागृहावर नजर ठेवण्यात मात्र आपण शेवटच्या बाकावर. 2026 च्या महापालिका निवडणुकीआधीची ही फिल्म त्या शेवटच्या बाकाची आहे.

(दृश्य: महापालिकेची मुख्य इमारत. जिना, बंद सभागृहाचं दार.)

15 जानेवारी 2026. महापालिकेचं मतदान. मोजणी दुसऱ्या दिवशी.

या आधी कोल्हापूरनं महापालिकेसाठी मत दिलं ते 1 नोव्हेंबर 2015 ला. त्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली. आधी कोरोना आला. मग ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात गेला, प्रभाग किती सदस्यांचा यावर सरकारं बदलतील तसे निर्णय बदलले, आणि तारीख पुढंपुढं जात राहिली. राज्यघटनेचं 243-यू कलम सांगतं की सभागृहाची पाच वर्षं संपायच्या आत नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. इथं मुदत संपल्यावर आणखी पाच वर्षं गेली. शेवटी 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला आणि पुढं 31 जानेवारी 2026 ही शेवटची तारीख घालून दिली.

मधल्या काळात कारभार सरकारनं नेमलेल्या प्रशासकाकडं. पाणी येत होतं, टिपर कचरा नेत होते, घरफाळ्याची बिलं तर न चुकता येत होती. म्हणून काही जण म्हणतात, नगरसेवकांवाचून काय अडलं? अडलं ते असं, की बिलात चूक निघाली तर साहेबांच्या केबिनबाहेर उभं राहायचं आणि साहेबांची बदली झाली की पहिल्यापासून सुरुवात. साहेबांना पाच वर्षांनी तुमच्या दारात यायचं नसतं.

2015 साली जो सतरा वर्षांचा होता, तो या मतदानाला सत्तावीसचा. नोकरी लागली असेल, लग्न झालं असेल, एखादं पोर बालवाडीत जात असेल. महापालिकेसाठी त्यानं या आधी एकदाही बोटाला शाई लावलेली नाही.

(दृश्य: शिवाजी पेठेतल्या एका तालमीचा हॉल. जमखाना अंथरलेला. टेबलावर सरावाचं मतदान यंत्र. भिंतीवर फुटबॉलच्या ढाली आणि पैलवानांचे फोटो.)

या वेळी मतदान करायची पद्धतही बदलली आहे, आणि घोळ तिथंच आहे.

2015 ला 81 प्रभाग होते, प्रत्येकात एक नगरसेवक. एक माणूस, एक बटण, विषय संपला. आता जागा 81 च, पण प्रभाग वीस. एकोणीस प्रभागांत चार-चार जागा, एका प्रभागात पाच. म्हणजे चार जागांच्या प्रभागात प्रत्येक मतदारानं चार मतं द्यायची. अ जागेसाठी एक, ब साठी एक, क साठी एक, ड साठी एक. मतपत्रिकेचे रंगही वेगळे: पांढरा, फिका गुलाबी, फिका पिवळा, फिका निळा. प्रत्येक रंगाच्या शेवटी ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण.

सांगायला सोपं आहे. टेबलासमोर काय होतं ते बघा.

सत्तरी ओलांडलेल्या एक आजी पुढं येतात. पदर सावरून पहिलं बटण दाबतात. लाल दिवा लागतो. आजी हात जोडून माघारी वळतात.

“आजी, थांबा. अजून तीन राहिली.”

“एका माणसाला किती येळा मत द्यायचं रं?”

“एकाला न्हाई, आजी. चार जण निवडायचे हायत.”

“चार?” आजी टेबलाकडं बघतात, मग पोराकडं. “एक तरी गावतोय का येळंला?”

हॉलमध्ये हशा पिकतो. पण आजींचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 5,49,236. तिला 81 नं भागलं तर एका नगरसेवकामागं साधारण 6,800 माणसं यायची. नगरसेवक चहाच्या गाड्यावर दिसायचा, लग्नात दिसायचा, तिथंच धरता यायचा. आता एका प्रभागात सरासरी 27,000 च्या वर लोक आणि त्यांचे चार नगरसेवक. गटर तुंबलं तर अ कडं जायचं का ड कडं? कायद्यानं चौघंही अख्ख्या प्रभागाचे. उद्या प्रत्येक जण म्हणेल, तो भाग दुसऱ्याकडं आहे. तेव्हा प्रचाराला चौघं एकत्र आले की त्यांना एकत्रच विचारावं: ही गल्ली कुणाच्या वाट्याला? चौघांनी एकमेकांकडं बघितलं तर उत्तर मिळालंच म्हणायचं.

परत यंत्राकडं येऊ. चारही मतं पडली की लांब शिट्टी वाजते. ती वाजेपर्यंत तुमचं मतदान पूर्ण झालेलं नाही. एक किंवा दोन बटणं दाबून माणूस निघाला की यंत्र तिथंच अडकतं, अधिकारी हाका मारतात, मागची रांग कुरकुरते, आणि जो घाबरून काहीतरी दाबतो त्याचं मत कुठं जातं ते त्यालाही कळत नाही. एखाद्या रंगात कुणीच पसंत नसेल तर त्या रंगातलं शेवटचं बटण दाबा, पण दाबा. कागदाची चिठ्ठी दाखवणारं यंत्र लोकसभा-विधानसभेला असतं, ते इथं नसेल. चिठ्ठी दिसली नाही म्हणून गोंधळू नका.

आणखी एक गोष्ट, जी पॅनेलवाले, म्हणजे प्रभागातल्या चारही जागा एकत्र लढवणारे, सांगणार नाहीत. चारही मतं एकाच पक्षाला द्यावीत असा नियम कुठंच नाही. पांढऱ्यावर एक, गुलाबीवर दुसरा, निळ्यावर अपक्ष, अगदी चालतं. ‘पॅनेल टू पॅनेल’ हा त्यांचा हिशेब आहे, तुमच्यावर बंधन नाही.

आजी दुसऱ्यांदा येतात. या वेळी बटणं बोटांवर मोजून दाबतात. चौथ्याला शिट्टी वाजते. “आता हुतंय की,” म्हणतात, आणि शेजारणीला पुढं ढकलतात.

(दृश्य: नागरी सुविधा केंद्राबाहेरचा फलक. मोबाईलवर यादी चाळणारी दोन पोरं.)

पण यंत्रापर्यंत पोचायला आधी यादीत नाव पाहिजे.

इथं एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. लोकसभेला मत दिलं, विधानसभेला दिलं, म्हणजे नाव आहेच. नाव असतं, पण कुठल्या प्रभागात? महापालिकेसाठी वेगळी यादी तयार होत नाही. विधानसभेची यादी घेतात आणि प्रभागांच्या सीमांप्रमाणं तोडतात. या निवडणुकीसाठी 1 जुलै 2025 ची यादी धरली आहे. त्यानंतर ज्याचं नाव चढलं, त्याला या वेळी मत नाही, मग हातात कोरं करकरीत ओळखपत्र का असेना. गणपतीनंतर अठरा पूर्ण झालेल्या पोरांना हे केंद्रावर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

यादी तोडताना रस्त्याच्या अलीकडचं घर पलीकडं जातं. नवरा एका प्रभागात, बायको दुसऱ्या, आणि भाडं बदलून राजारामपुरीतून कसबा बावड्यात गेलेल्याचं नाव अजून राजारामपुरीतच. शहराच्या कडेला तर आणखी गंमत. 1972 ला महापालिका झाली तेव्हापासून शहराची हद्द वाढलेली नाही. पाचगाव, उचगाव, उजळाईवाडीचा माणूस दिवसभर शहरात असतो, महापालिकेच्या केएमटी बसनं फिरतो, पत्त्यावर कोल्हापूर लिहितो. त्याचा ‘कोल्हापूर दक्षिण’ विधानसभा मतदारसंघ शहराचा काही भाग आणि करवीरची गावं मिळून झालेला. विधानसभेला तो आणि शहरातला त्याचा मित्र एकाच उमेदवाराला मत देतात. महापालिकेला मात्र मित्र रांगेत आणि हा रांगेबाहेर, कारण याची ग्रामपंचायत. हद्दवाढीवर आपल्याकडं जेवढी भांडणं झाली, त्याच्या निम्म्यानं तरी ही साधी गोष्ट लोकांना सांगायला हवी होती.

काही नावांपुढं दोन तारे दिसतील. ती दुबार नावाची शंका. तारे दिसले म्हणून मताचा हक्क गेला असं नाही. कुठं मत देणार ते लिहून द्यायचं आणि एकाच ठिकाणी द्यायचं.

राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर नाव टाकून प्रभाग, केंद्र आणि अनुक्रमांक शोधता येतो. पाच मिनिटांचं काम. फुटबॉलच्या हंगामात शाहू स्टेडियमवर कोणत्या संघात कोण खेळतोय हे पेठेतलं शेंबडं पोरगंही सांगतं. आपला प्रभाग क्रमांक विचारला की तालमीतले जाणतेसुद्धा एकमेकांकडं बघतात.

(दृश्य: संध्याकाळ. प्रचाराची रिक्षा, बंद आवाज. हॉटेलच्या भटारखान्यातला धूर.)

तांबड्या-पांढऱ्या रश्श्याबद्दल थोडक्यात. जेवणावळी आहेत, लक्ष्मीदर्शन आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. भारतीय न्याय संहितेच्या लाचखोरीच्या 170 व्या कलमात देणाराही येतो आणि घेणाराही. ‘घ्यायचं त्यांचं आणि द्यायचं आपल्या मनाला येईल त्याला’ ही हुशारी कट्ट्यावर शोभते, कायद्यापुढं नाही.

81 पैकी 41 जागा महिलांच्या आहेत. उरलेल्या जागांपेक्षा एक जास्त. तरी काही फलकांवर उमेदवार बाईंपेक्षा त्यांच्या कारभाऱ्यांचा फोटो मोठा दिसेल. अशा वेळी प्रश्न बाईंनाच विचारा आणि उत्तर त्यांनीच देईपर्यंत थांबा. कारभारी मध्ये बोलले तर हसून म्हणा, “दादा, तुमचं नाव मशीनवर हाय काय?”

विचारायचं काय, तर साधंच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 ला धोका. 2019 आणि 2021, दोन्ही पुरांत पाणी 55 फुटांच्या वर गेलं. बांधकामाची परवानगी महापालिका देते. मग पूररेषेत नवं काही उभं राहणार नाही, यासाठी तुम्ही सभागृहात काय करणार? काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनसाठी शहरानं वर्षानुवर्षं वाट बघितली, तर आमच्या कोपऱ्यातल्या नळाला दाब कधी येणार? उमेदवाराचं शपथपत्र कुणालाही बघता येतं. त्यात मालमत्ता आहे, गुन्हे आहेत, शिक्षण आहे. दारात आलेल्या पत्रकाआधी ते वाचा.

(दृश्य: शाळेची खोली. बाकं भिंतीला लावलेली. कर्मचारी पुठ्ठ्याचा आडोसा उभा करतायत.)

मतदान सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. ओळखपत्र न्या. ते नसेल तर आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, मान्य यादीतलं काहीही चालेल. बाहेरच्या टेबलावर मिळणारी चिठ्ठी फक्त खोली आणि अनुक्रमांक सांगते, तिच्यावर मत देता येत नाही. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेला असेल तर भांडून घरी येऊ नका. केंद्राध्यक्षांकडं प्रदत्त मत मागा. ते कागदाच्या मतपत्रिकेवर देता येतं.

दुकान बंद करून, दुसरी पाळी बदलून, लेकरू शेजारी ठेवून कुणाला पाचनंतरच जमणार असेल, त्यानंही यावं. साडेपाचच्या ठोक्याला आवारात जे रांगेत असतील, त्यांना केंद्राध्यक्ष चिठ्ठ्या देतात, आणि त्या रांगेच्या शेपटाकडून द्यायला सुरुवात करतात, म्हणजे मागून नवा कुणी घुसत नाही. पहिली चिठ्ठी शेवटच्या माणसाला. मग सहा वाजू देत नाहीतर सात, त्याची चारही बटणं दाबून होईपर्यंत यंत्राला सील लागत नाही.